सातवा परिच्छेद

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जिने चढायला लावणं हा कोर्टाचा विनोद असेल, तर दीड वर्षात तो मला एकदाही आवडला नाही. फौजदारी कोर्ट तळमजल्यावर, दिवाणी तिसऱ्या मजल्यावर. कृत्य एकच, माणूस एकच, पण खाली मी आरोपी आणि वर प्रतिवादी. मध्ये बहात्तर पायऱ्या. मोजल्यात मी. बाकावर बसून माणूस आणखी काय करणार?

तशी लिफ्टमधून जायला मला बंदी नव्हती. जामिनाच्या अटी दोनच. लिफ्टचं कोणतंही काम करायचं नाही, आणि साक्षीदाराशी कोणत्याही प्रकारे बोलायचं नाही. पण लिफ्टमध्ये शिरलो की माझा हात आपसूक दाराच्या कडेवरून फिरतो, तीस वर्षांची खोड आहे ती. कोणी तेवढाच फोटो काढून कोर्टात लावला असता, तर पंचाईत झाली असती. म्हणून आपला जिना बरा.

मात्र कान बंद करता येत नाहीत. कोर्टाची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर चार बोटं खाली थांबते, हे मी पहिल्याच तारखेला बाकावर बसल्या बसल्या ओळखलं होतं. थांबताना ती आधी घसटायची, मग टेकायची. ब्रेकचं अस्तर झिजलेलं. लोक बाहेर पडताना ठेचकाळायचे, वकील मंडळी चरफडायची, आणि स्टुलावरचा म्हातारा लिफ्टमन म्हणायचा, “सवय होते.” मी गप्प. सांगणं म्हणजे लिफ्टचं काम झालं असतं ना.

कंपनीत मला सगळे डॉक्टर म्हणायचे. मोटरला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून मुठीला कान लावला की आत काय दुखतंय ते मला कळायचं. नवी पोरं हसायची. पण अडलं की मलाच बोलवायची.

आता त्या दिवसाचं सांगतो.

लिफ्टचं एक जरी दार नीट लागलेलं नसेल, तर ती हलायला नको, एवढी साधी त्यातली मेख असते. प्रत्येक मजल्याच्या दाराला कुलूप, प्रत्येक कुलपाला वीज जोडणारा एक खटका. कुठल्या मजल्याचा खटका बिघडलाय हे शोधायला आम्ही मशीनच्या खोलीतल्या पॅनेलमध्ये एक तार जोडतो. हातभर लाल तार, दोन्ही टोकांना चिमटे. ही तार लावली की दार उघडं असलं तरी लिफ्टला ते लागल्यासारखंच वाटतं. म्हणून काम झाल्यावर ती काढायची, म्हणजे काढायचीच. विसरलात तर तुम्ही लिफ्ट दुरुस्त केलेली नसते, सापळा लावून ठेवलेला असतो.

माझ्याकडे अशा तीन तारा होत्या. स्वतः बनवलेल्या, टोकांना पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन-दोन वेढे. त्या शर्टाच्या वरच्या खिशात. काम संपलं की हत्यारं आवरता आवरता खिशात बोटं घालून मोजायचो. एक, दोन, तीन. तीस वर्षांत ही मोजणी चुकली नव्हती, आणि खरं सांगू का, त्या दिवशीही चुकली नाही. खिशात तीनच होत्या.

कारण सकाळी दुसऱ्या एका इमारतीत गेलो होतो. तिथलं पॅनेल उघडलं तर आत कोणाची तरी तार लोंबत होती. कोण जाणे किती महिने. माझं डोकंच फिरलं. “कोणत्या गाढवाचं काम आहे हे? एखाद्याचा जीव घ्याल!” असा एकटाच खोलीत ओरडलो. ती तार उपटली आणि खिशात कोंबली. पुढच्या सोमवारी ऑफिसात सगळ्यांसमोर टेबलावर आपटायची, असं मनात ठरवलंसुद्धा.

दुपारी शिवणाच्या बाईंच्या इमारतीत गेलो. चौथ्या मजल्याचा खटका गेला होता. बाई चौथ्यावरच राहायच्या, घरी शिलाई मशीन चालवायच्या, पोरींना शिवण शिकवायच्या. मी जिन्यात उकिडवा बसून कुलूप खोलत होतो, तर त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. मी कुलूप साफ केलं, परत बसवलं, लिफ्ट चार वेळा वरखाली केली. झकास चालली. चालणारच. माझी तार वर पॅनेलमध्ये होती. पॅनेलचं झाकण लावलं, खिशात बोटं घातली. एक, दोन, तीन.

मी खाली उतरत होतो, तर बाईंनी दारातून विचारलं, “झालं का हो?”

“झालं,” मी म्हणालो. “आता बिनधास्त जा.”

तासाभराने त्या दोन पिशव्या घेऊन निघाल्या. कुलूप लागलेलंच नव्हतं, दार ओढलं तसं उघडलं. पुढे लिफ्ट नव्हती. ती दुसऱ्या मजल्यावर उभी होती म्हणून बाई तिच्या टपावर पडल्या आणि वाचल्या. उजवा पाय कमरेपासून मोडला. पायमशीन त्यानंतर त्यांनी चालवली नाही.

पोलिसांना पॅनेलमध्ये तार सापडली. दोन पांढरे वेढे. माझी नाही म्हणायला जागाच नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. वॉर्डाच्या दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात त्यांच्या मुलाने मला ओळखलं आणि छातीवर हात ठेवून मागे लोटलं. मला एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी झाली. ते मनातच राहिलं. आठवड्याने फौजदारी खटला, तीन महिन्यांनी भरपाईचा दिवाणी दावा. आणि त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या तोंडात अडकून बसलं, ते बसलंच.

माझे वकील दोन. फौजदारीला काका, दिवाणीला त्यांची पुतणी. ऑफिस एकच, मध्ये प्लायवुडची भिंत. काका सत्तरीचे, दिवसभर खोकल्याच्या गोळ्या चघळणारे. पुतणी तिशीची, प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवून वाचणारी. दोघंही हुशार, दोघंही चांगली. पण काका पश्चिमेला बोट दाखवणार आणि पुतणी पूर्वेला, आणि चालायचं मात्र मी एकट्याने.

“डॉक्टर, तुम्ही तोंड उघडायचं नाही,” काका म्हणायचे. “आरोपीला गप्प बसायचा हक्क आहे. सिद्ध करू देत त्यांना. माफी म्हणजे कबुली. दवाखान्यात गेलात तेच चुकलं तुमचं.”

भिंतीपलीकडून पुतणीचा आवाज यायचा, “काका, तुम्ही त्यांना गप्प बसवलंत की माझी केस गेली! दिवाणीत गप्प बसणं म्हणजे मान्य करणं.”

“मग वरची केस थांबवून घे, खालची संपेपर्यंत.”

“अर्ज केला होता. फेटाळला. खालचं खाली आणि वरचं वर, म्हणाले.”

मी दोघांच्या मध्ये, प्लायवुडकडे बघत बसायचो. त्या भिंतीवरचा एकेक खिळा मला पाठ झाला होता.

गाडी अडली ती सातव्या परिच्छेदावर. बाईंच्या दाव्यात त्रेचाळीस परिच्छेद. सातव्यात लिहिलं होतं की प्रतिवादीने काम पूर्ण झाल्याचे सांगून ‘आता बिनधास्त जा’ असे शब्द वापरले, आणि त्या शब्दांवर विश्वास ठेवून बाई लिफ्टकडे गेल्या. प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यायचं, खरं की खोटं. उत्तर दिलं नाही तर खरं धरणार.

“तार तुमची, हे नाकारता येत नाही,” पुतणी म्हणाली. “पण कुलूप तुम्ही नीट बसवलं होतं, नंतर कोणी छेडछाड केली असेल, असं म्हणायला थोडी जागा आहे. तुम्ही स्वतः ‘जा’ म्हणालात हे एकदा मान्य केलंत की ती जागा संपली. तेव्हा तिथे माणूस नव्हता दुसरा. तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. आपण म्हणू, असं विधान केलंच नाही.”

“म्हणजे बाई खोटं बोलतात.”

“तसं नाही लिहायचं. ‘मजकूर अमान्य’ एवढंच.”

“आणि तो कागद शपथेवर आहे,” पलीकडून काका, “हे सांग त्यांना. उद्या खाली त्या बाईंची साक्ष खरी ठरली, तर यांच्यावर खोट्या शपथेचं तिसरं लचांड.”

“मग मान्य करू?” मी विचारलं.

“मुळीच नाही!” दोन्ही बाजूंनी एकदम आलं. दीड वर्षात ती दोघं तेवढ्या एकाच बाबतीत एकमतावर आली होती.

सकाळच्या त्या दुसऱ्या तारेची गोष्टही मी त्यांना सांगितली होती. काका म्हणाले, “हे कोणाला सांगू नका, यातून तुम्ही न बघता मोजता हे सिद्ध होतं.” आणि ते खरंच होतं. त्यात पोलिसांनी काही लपवलेलं नव्हतं आणि कोणाचं कटकारस्थान नव्हतं. मी हात घालून मोजलं, डोळ्यांनी बघितलं नाही. त्या तिसऱ्या तारेला पांढरे वेढे नव्हते. खिशातून नुसती बाहेर काढली असती तरी कळलं असतं.

दाव्यात माझ्याबरोबर ओढलेल्या कंपनीने तर आपल्या उत्तरात हात झटकून टाकले. तार वापरायची पद्धत आमची नाहीच, हा माणूस आपल्या मर्जीने वागला, असं त्यांनी लिहून दिलं. आमच्या साहेबांच्या टेबलाच्या खणात अशा तारांचा गुंता पडलेला असायचा, आणि आम्ही तिथूनच चिमटे उचलायचो. वाचून मला हसू आलं, मग राग आला, मग दोन्ही ओसरलं.

घरी बायको होती. ती शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिते, त्यामुळे कागदाचं भय तिला माझ्यापेक्षा जास्त. “मी खोटं बोला म्हणत नाही,” ती म्हणायची, “वकील सांगतात तेवढी सही करा. तुम्ही आत गेलात तर मी एकटीने काय करायचं, ते सांगा आधी.” मग ती भाजी ढवळत पाठमोरी म्हणायची, “आणि त्या बाईंचं वाईट मलाही वाटतं हो. पण माझं कोणाला वाटणार?” मी ताट घेऊन मुकाट बसायचो. बोलू नये असं आता घरातही झालं होतं.

शेवटी दिवाणी कोर्टाने शेवटची मुदत दिली. त्या दिवशी अकराला उत्तर दाखल करायचं, नाहीतर दावा मान्य समजणार. आणि त्याच दिवशी दुपारी खाली बाईंची साक्ष. तोपर्यंत दोन्हीकडे त्यांचा मुलगाच यायचा. बाई पहिल्यांदा येणार होत्या, आधी वर, मग खाली. मी वर ‘अमान्य’ लिहून दिलं, की दुपारी काका उभे राहून त्यांना विचारणार, तुम्ही हे वाक्य बनवून सांगता ना? आणि मी पिंजऱ्यात उभा राहून ते ऐकणार.

पावणेअकराला मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसलो होतो, लिफ्टच्या समोर. मांडीवर फाइल. सगळ्या पानांवर सह्या झाल्या होत्या, सातव्या परिच्छेदाचं पान सोडून. पुतणी पेन उघडून उभी होती. काका पलीकडे गोळी चघळत होते.

“सर, सही,” ती म्हणाली. “दहा मिनिटं राहिली.”

मी पेन घेतलं. तेवढ्यात खालून लिफ्ट निघाली. मला ऐकू आलं की आज तिचं बिनसलंय. पहिल्या मजल्यापासूनच घसटत येत होती. तिसऱ्यावर आली, थांबली, आणि थांबल्यावर पुन्हा खाली सरकली. चार बोटं नाही, चांगली वीतभर. लिफ्टमनने आतून दार ओढलं. आत बाई होत्या. काखेत कुबडी, एका बाजूला मुलगा, मागे त्यांचे वकील. बाई समोर बघत होत्या, कोर्टाच्या दाराच्या पाटीकडे. त्यांनी कुबडी उचलली.

“थांबा!”

मी ओरडलो. केव्हा उभा राहिलो ते कळलं नाही. फाइल खाली पडली होती.

बाई थांबल्या. कुबडी तशीच अधांतरी.

“खाली बघा,” मी म्हणालो. “लिफ्ट वीतभर खाली आहे. पाय अडकेल.”

मुलगा भडकला. “तुम्ही हिच्याशी बोलायचं नाही! कोर्टाचा हुकूम आहे!” काकांनी माझं कोपर घट्ट धरलं. “डॉक्टर, अट मोडताय तुम्ही. जामीन जाईल. चला आत.”

बाईंनी खाली बघितलं. ती वीत बघितली. मग माझ्याकडे बघितलं. दीड वर्षात पहिल्यांदा.

“मग आता जाऊ?” त्यांनी विचारलं. “बिनधास्त?”

टोमणा होता की नव्हता, मला कळलं नाही. पण पायाशी पडलेल्या कागदावर छापलेलं होतं की मी हे वाक्य कधी बोललोच नाही. आणि त्या तेच वाक्य हातात धरून माझ्यासमोर उभ्या होत्या.

“नाही,” मी म्हणालो. “आधी मुलाचा हात धरा. चांगला पाय वर ठेवा, मग कुबडी. आणि बाई, त्या दिवशी मी तुम्हाला बिनधास्त जा म्हणालो होतो. तार वरच राहिली होती. मी खिशात बोटांनी मोजलं, बघितलं नाही. चूक माझी.”

काकांनी माझं कोपर सोडलं. बाईंच्या वकिलांनी खिशातून पेन काढलं आणि फाइलच्या पाठीवर लिहायला लागले. बाई मुलाचा हात धरून, मी सांगितलं तशा, वर आल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. धाप लागली होती त्यांना.

“एवढं बोलायला दीड वर्ष लागलं?”

“बोलू देत नव्हते,” मी म्हणालो, आणि म्हणताच लाज वाटली. तोंड माझंच होतं.

“मलाही सांगितलंय, तुमच्याकडे बघायचंसुद्धा नाही म्हणून,” बाई म्हणाल्या. “रोज वाटायचं, हा माणूस येऊन एकदा काहीतरी बोलेल.” मग त्या मुलाबरोबर कोर्टात गेल्या. माफ केलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. का म्हणाव्यात?

मी फाइल उचलली. सातव्या परिच्छेदातली छापलेली ओळ खोडली आणि वर हाताने लिहिलं, ‘मजकूर खरा आहे.’ खाली सही केली.

पुतणीने त्या ओळीखाली पट्टी ठेवून ती वाचली. “हा कागद दुपारपर्यंत खाली पोचेल,” ती हळूच म्हणाली. “काकांच्या हातात काही उरणार नाही.”

“माहीत आहे.”

काकांनी खिशातून डबी काढली, एक गोळी तोंडात टाकली, आणि दीड वर्षात पहिल्यांदाच एक माझ्यापुढे केली. मी घेतली. कडू होती. घरी बायकोला काय सांगायचं, हे मला अजिबात सुचत नव्हतं.

कागद दाखल करून बाहेर आलो तर लिफ्टमन दारात तसाच बसलेला. “सवय होते” म्हणाला नाही. विचारलं, “काय झालंय हो हिला?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हिचा आजार मला दीड वर्ष ठाऊक होता. दर तारखेला मी इथे बसून, लोकांना ठेचकाळताना बघून, गप्प बसलो होतो. त्या दुसऱ्या इमारतीतल्या गाढवाला ज्या शिव्या दिल्या होत्या, त्या मला जशाच्या तशा आठवल्या.

“ब्रेक गेलाय,” मी म्हणालो. “एकालाही बसू देऊ नका. खाली जाऊन स्विच बंद करा, बंदची पाटी लावा, साहेबांना लेखी कळवा. कोणी सांगितलं विचारलं तर माझं नाव घाला.”

त्याने पाटी लावली. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. बाई तिसऱ्या मजल्यावर, आणि साक्ष तळमजल्यावर, अडीचला.

बाईंच्या वकिलांनी तारीख मागू म्हटलं. बाई म्हणाल्या, “आणखी एक तारीख? नको. आजच.” दोन वाजून गेल्यावर शिपायाने कोर्टातली एक लाकडी खुर्ची आणली. बाई बसल्या. मुलाने एक बाजू धरली. दुसऱ्या बाजूला लिफ्टमन वाकला, पण त्याच्याने ती दोन इंचही उचलेना. वकील एकमेकांकडे बघत राहिले. मुलाने इकडे तिकडे पाहिलं, आणि अखेर माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं.

“धरा ती बाजू,” तो म्हणाला.

काका जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ते बाजूला झाले.

मी खुर्चीचा पाय आणि पाठ धरली. बाईंचं वजन माझ्या मनगटांवर आलं. त्यांनी एका हाताने मुलाचा खांदा धरला होता, दुसरा हात जरा वेळ हवेत राहिला, मग माझ्या खांद्यावर टेकला.

“पायऱ्या सांगत चला,” त्या म्हणाल्या. “मला खालचं दिसत नाही.”

“एक,” मी म्हणालो. “दोन. तीन.” प्रत्येक पायरीकडे डोळ्यांनी बघून, मोठ्याने. एका वळणावर मुलाचा पाय डगमगला तेव्हा आम्ही थांबलो, आणि मी पुन्हा तिथूनच पुढे मोजायला लागलो. खालून पुकाऱ्याचा आवाज जिन्यातून वर येत होता. आधी साक्षीदाराच्या नावाचा, मग आरोपीच्या. आम्ही तेव्हा एकोणपन्नासाव्या पायरीवर होतो.